काडीपैलवानाला शुगर कशी? डॉ. याज्ञिकांचं संशोधन आणि माझी आई

सडपातळ – सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६१. कॉलेजातली जीन्स अजून होते. मागच्या महिन्यात ऑफिसच्या चेकअपमध्ये उपाशीपोटीची साखर १३४ आणि एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.९. लॅबचा घोळ असेल म्हणून दुसरीकडे करून घेतलं, तिथे १३१ आणि ६.८. घ्या. साखरेवरची गोळी मेटफॉर्मिन सुरू. ज्याला सांगावं तो म्हणतो, तुला? तू तर काडीपैलवान! आत्याचं तर ठाम मत आहे की हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा.

मग रात्री जागून वाचत बसलो आणि डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामापर्यंत पोचलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं डायबेटिस युनिट. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. दिवस राहायच्या आधीपासून बायकांची वजनं-उंची घ्यायची, गरोदरपणात काय खातात, किती राबतात, रक्तात काय आहे ते टिपायचं, आणि पोरं झाली की ती मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहायचं. ती पोरं आता तिशीला टेकलीत.

बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पण ही कमी सगळीकडून सारखी नव्हती. पोट, स्नायू लहान, आणि पाठीवरची चिमटीत धरता येणारी चरबी मात्र फारशी कमी नाही. म्हणून नाव दिलं थिन-फॅट बेबी. १८ व्या वर्षी ६१९ जणांची तपासणी झाली तर मुलांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर नॉर्मलच्या वर निघाली, बहुतेकांना प्रीडायबेटिस (डायबेटिसच्या आधीची पायरी), ११ जणांना थेट डायबेटिस. आणि त्या सगळ्यांतले ४८ टक्के अंडरवेट होते!

मला वाचून बरं वाटलं. म्हणजे मी एकटा नाही. त्याच उत्साहात हे आईला सांगितलं आणि चुकलो. आई गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे माझ्याच पोटातून आणलंस होय हे. तुझ्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत विहिरीचं पाणी ओढलंय मी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते खायचं." आता ती रोज काहीतरी आठवून सांगते आणि डोळे पुसते.

तर प्रश्न दोन. हे सगळं पोटात असतानाच ठरलं असेल तर ४१ व्या वर्षी मला त्याचा उपयोग काय? आणि आईला काय सांगू?

---

टोमणे_आजोबा – सोमवार, रात्री ११:५८

पहिलाच धागा आणि एवढा मोठा. साखर बोटांत उतरलेली दिसत्ये.

---

रात्रपाळी – मंगळवार, पहाटे २:१५

फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी, ड्यूटीवर आहे म्हणून ह्या वेळी टंकतोय. धागाकर्त्याने आकडे बरोबर दिलेत.

आधी बारीक माणसाला शुगर कशी होते ते. खाल्लेली साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते कोठारच लहान बांधलं गेलं तर साखर जाणार कुठे. दुसरं म्हणजे चरबी. कातडीखालची जागा भरली की ती यकृतात, स्वादुपिंडात सांडायला लागते आणि ही सांडलवंड बाहेरून दिसत नाही. गोऱ्या माणसात त्यासाठी वजन १०० व्हावं लागतं, आपल्यात ६५ लाही होतं. म्हणून बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) रेष आपल्याकडे २५ ऐवजी २३ वर ओढतात.

याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ चा लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकातला एक पानी लेख शोधून बघा, फोटोसकट आहे. दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३, दशांशापर्यंत सारखा. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! दोघांची आडनावं वाय वरून म्हणून वाय-वाय पॅराडॉक्स. पेशंट म्हणाला ना, डॉक्टर मी कुठे जाडा आहे, की मी मोबाईलवर हा फोटो दाखवतो. अर्धा तासाचं लेक्चर वाचतं.

आईचं उद्या लिहितो, पेशंट आलाय.

---

कोकणी_मेवा – मंगळवार, सकाळी ८:०५

धाग्याचा आदर राखून सांगते, मला हे पटत नाही. माझे आजोबा दोन्ही वेळ भात खायचे, चहात तीन चमचे साखर, आंब्याच्या दिवसात तर विचारूच नका, ८८ वर्षं जगले, शुगर नाही. त्यांच्या आईने पण काय विहिरीचं पाणी ओढलं नसेल का? आजोबा रोज बागेत राबत होते आणि आपण खुर्चीत बसून धागे काढतो, एवढाच फरक आहे. उगाच आईच्या पोटापर्यंत कशाला जायचं.

---

वांगी_पोहे – मंगळवार, सकाळी ८:३१

+१ कोकणी मेवा. माझे आजोबा पण.

---

टोमणे_आजोबा – मंगळवार, सकाळी ८:४०

ह्या संस्थळावरच्या सगळ्यांचे आजोबा ८८ वर्षं जगलेले आहेत. ज्यांचे ५० ला गेले त्यांना बहुतेक आयडी मिळत नाही.

---

त्र्याहत्तरचा – मंगळवार, दुपारी १:२०

मेवाताई, थोडं सांगू का. मी जानेवारी ७३ चा. म्हणजे ७२ च्या दुष्काळात आईच्या पोटात. गाव बीडकडे. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, पोटुशी बाई म्हणून मुकादम हलकं काम द्यायचा म्हणे, हलकं म्हणजे पाट्या उचलण्याऐवजी फोडायची. खायला मिलो आणि पोरांसाठी आलेली सुकडी. मिलो म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, आई म्हणायची जनावर पण तोंड फिरवायचं. मी झालो तेव्हा वजन करायला काटा कुठला आलाय, सुईण म्हणाली होती की तळहातावर मावतंय.

मला ३६ व्या वर्षी शुगर. माझा धाकटा भाऊ ७९ चा, तेव्हा घरात दोन म्हशी होत्या, तो माझ्यापेक्षा १५ किलोने जड, दाबून खातो, आणि त्याला अजून काही नाही. एकच आई, एकच बाप, एकच घर. तुम्ही म्हणता तसं नुसतं खुर्चीचं असतं तर ट्रॅक्टर मी चालवतो आणि तलाठी ऑफिसात तो बसतो!

ही एका घराची गोष्ट आहे, शास्त्र नाही, मान्य. पण सडपातळचा धागा वाचला आणि पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझा हिशोब मांडलाय.

---

सईची_आई – मंगळवार, दुपारी १:४४

त्र्याहत्तरचा, काटा आला अंगावर. आमच्याकडे पण मिलोच्या भाकरीच्या गोष्टी सासूबाई सांगतात.

---

रात्रपाळी – मंगळवार, रात्री ९:३०

त्र्याहत्तरचा यांनी लिहिलंय तसल्याच एका गोष्टीचं शास्त्र झालेलं आहे, फक्त नेदरलँड्समध्ये. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली आणि शहरांत उपासमार झाली. त्या महिन्यांत पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा तपासली, त्यांच्यात साखर न पेलण्याचं प्रमाण जास्त निघालं. पण तिकडे काही महिन्यांचा दुष्काळ होता, नोंदी चोख होत्या. आपल्याकडे अर्धपोटी राहणं पिढ्यानपिढ्या आणि नोंद शून्य. म्हणूनच त्या सहा गावांच्या अभ्यासाची किंमत, एवढी वर्षं तीच माणसं धरून ठेवणं खायचं काम नाही.

ही मूळ कल्पना इंग्लंडच्या डेव्हिड बार्करची, कमी वजनाच्या बाळांना पुढे हृदयविकार-डायबेटिस जास्त. पुण्याच्या अभ्यासात बार्कर आणि कॅरोलिन फॉल हे साउदॅम्प्टनचे लोक सोबत होतेच.

कोकणी मेवा, तुमचे आजोबा खोटे नाहीत. पोटात असताना बंदुकीत गोळी भरली जाते, चाप नंतर ओढला जातो. रोज बागेत राबणाऱ्याचा चाप कुणी ओढलाच नाही. म्हणून खेड्यातला माणूस शहरात येऊन बसला की चाळिशीच्या आत आमच्या ओपीडीत.

आता आई. सडपातळ, त्या अभ्यासात बायकांचं सरासरी वजन दिवस जायच्या आधी ४२ किलोच्या आसपास होतं. पाणी भरणं, शेतातली कष्टाची कामं जास्त करणाऱ्या बायकांची बाळं लहान निघाली. आणि ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं मोठी. बघा, नुसत्या कॅलरी किती त्याने एवढा फरक पडला नव्हता. आता मला सांगा, घरात पालेभाजी आणि दूध कुणाच्या ताटात आधी जायचं हे तुमच्या आईने ठरवलं होतं का? पाणी घरापासून लांब होतं हे तिने ठरवलं होतं का? रिसर्च पेपर वाचून आईवर बोट रोखणारा माणूस तो पेपर उलटा धरून वाचतोय.

---

शुद्धशाकाहारी – मंगळवार, रात्री १०:१२

बी१२ जीवनसत्त्वाचं पण ह्याच डॉक्टरांनी काढलंय ना? की शाकाहारी आयांत बी१२ कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त, म्हणून मुलांना डायबेटिस? हे मांसाहाराच्या प्रचाराचं राजकारण आहे. आमच्या सात पिढ्या शाकाहारी.

---

खवय्या – मंगळवार, रात्री १०:१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (शाकाहारी)

---

रस्सामंडळ – मंगळवार, रात्री १०:२९

सात पिढ्यांच्या बी१२ चे रिपोर्ट टाका मग बोलू.

---

आशाताई_७ – मंगळवार, रात्री १०:५५

मी आशा सेविका आहे, घाटावरच्या एका तालुक्यात. शाकाहारी-मांसाहारी भांडण शहरातलं आहे. आमच्या गावात सगळे मांसाहारी, म्हणजे जत्रेला आणि पाहुणा आला की. त्यात बाईच्या वाट्याला रस्सा. बी१२ कुठून येणार. दूध असतं पण ते डेअरीला जातं, घरात चहापुरतं राहतं.

अजून एक सांगते. लोहाच्या गोळ्या आम्ही वाटतो त्यात फॉलिक ॲसिड असतं. अर्ध्या गोळ्या गादीखाली सापडतात, बायका म्हणतात तोंड कडू होतं, शौचाला काळं होतं. तेव्हा जास्त गोळ्या खाऊन काही झालं असेल असं आमच्याकडे तरी नाही.

---

रात्रपाळी – बुधवार, पहाटे १:०५

आशाताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून लावावा असा आहे.

बी१२ चा नेमका निष्कर्ष असा, २००८ साली छापलेला. सहा गावांतल्या ६० टक्क्यांहून जास्त गरोदर बायकांत बी१२ कमी होतं, फोलेटची (म्हणजे फॉलिक ॲसिडची) कमतरता मात्र जवळजवळ कुणाला नव्हती. सहा वर्षांच्या वयात मुलं तपासली, तर ज्यांच्या आईचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त, त्या मुलांत इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद न देणं) सगळ्यात जास्त. ही दोन जीवनसत्त्वं एकाच रहाटाची दोन चाकं आहेत, एक जोरात फिरतंय आणि दुसरं अडकलंय अशी अवस्था. शाकाहारावर कुणी खटला भरलेला नाही. दूध, दही, ताक घ्या, कमी असेल तर गोळी घ्या, ती स्वस्त आहे.

आणि हा जोडसंबंध आहे, कार्यकारण सिद्ध व्हायला प्रत्यक्ष देऊन बघावं लागतं. म्हणूनच त्याच गावांतली ती पोरं किशोरवयात आल्यावर त्यांना बी१२ आणि इतर सूक्ष्म पोषकं द्यायची चाचणी त्यांनी २०१२ मध्ये सुरू केली, म्हणजे उद्याच्या आईबापांना आधीच. बाप पण बरं का, नुसती आई नाही.

---

गोड_बातमी – बुधवार, सकाळी ७:१०

घाबरतच विचारते, मला पाचवा महिना आहे. मी शाकाहारी. फॉलिक ॲसिड चालू आहे. बंद करू का? रात्रभर झोप नाही हा धागा वाचून.

---

रात्रपाळी – बुधवार, सकाळी ७:१४

नाही! अजिबात बंद करू नका. फॉलिक ॲसिड बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मदोष टाळतं, ही पक्की गोष्ट आहे. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा की बी१२ तपासू या का आणि सोबत घेऊ का. ग्लुकोजची तपासणी झाली नसेल तर ती कधी करायची तेही विचारा. आणि आज दुपारी झोपा.

संपादक मंडळ, धाग्याच्या वर एक ओळ टाकाल का, की कुणी इथे वाचून औषधं बदलू नयेत.

---

संपादक – बुधवार, सकाळी ९:००

टाकली आहे. शाकाहार-मांसाहारावरचे पाच प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा, शक्यतो काढूच नये.

---

लेस्टरवासी – बुधवार, दुपारी ४:३५

इंग्लंडातून. इथे सध्या न्यूकॅसलचे डायबेटिसचे संशोधक रॉय टेलर यांचा बोलबाला. त्यांच्या आणि ग्लासगोच्या लोकांच्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत रोज साधारण साडेआठशे कॅलरीचं सूप-शेक तीन ते पाच महिने, आणि वर्षाने ४६ टक्के लोकांचा डायबेटिस औषधाशिवाय नॉर्मलला. दोन वर्षांनी ३६ टक्के. टेलर म्हणतात प्रत्येकाचा चरबी पेलायचा उंबरठा वेगळा, तो ओलांडला की डायबेटिस, मग वजन कितीही असो. बीएमआय २७ च्या खालचे २० लोक घेऊन पण त्यांनी केलं, १४ जणांचा डायबेटिस मागे हटला.

म्हणजे याज्ञिक सांगतात उंबरठा इतका खाली का, आणि टेलर सांगतात त्याच्या खाली परत कसं यायचं. मला तरी दोन्ही एकाच गोष्टीचे पूर्वार्ध-उत्तरार्ध वाटतात.

इथल्या अशाच आहाराच्या सरकारी योजनेतही गोऱ्यांना बीएमआय २७ आणि आपल्याला २५ अशी वेगळी अट आहे. माझा बीएमआय २६, मला घेतलं, शेजारच्या बॉबला त्याच बीएमआयवर नाही. सवलत मिळाल्याचा आनंद मानावा की दुःख कळेना.

---

कोकणी_मेवा – बुधवार, संध्याकाळी ६:०२

सडपातळने पण ६१ वरून वजन उतरवायचं का मग? उरेल काय?

---

रात्रपाळी – बुधवार, रात्री ८:२०

चांगला प्रश्न. सगळ्यांना एकच माप नाही. पुण्याच्या टीमने स्वीडनच्या संशोधकांबरोबर तरुण वयात डायबेटिस झालेल्यांचे गट पाडून पाहिले. आपल्याकडे सगळ्यात मोठा गट निघाला इन्सुलिनच कमी बनवणाऱ्यांचा. म्हणजे रेझिस्टन्स हा अर्धाच प्रश्न, कारखानाच लहान बांधलाय. अशा माणसाला उपाशी ठेवून काय मिळवणार? त्याला स्नायू वाढवायला लावा, प्रथिनं द्या, औषध लवकर नीट द्या.

सडपातळ, डॉक्टरांना सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते कळतं) आणि गॅड अँटिबॉडी ह्या रक्ततपासण्यांबद्दल विचारा, बारीक माणसात उशिरा आलेला टाइप १ (शरीर स्वतःच इन्सुलिनच्या पेशी मारतं तो डायबेटिस) निघू शकतो. मेटफॉर्मिनने बी१२ अजून खाली जातं, तेही बघा. आणि हिमोग्लोबिन. लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसतं.

---

वांगी_पोहे – बुधवार, रात्री ८:४४

दोन जेवणं ५५ मिनिटांत वाला डाएट चालेल का? आमच्या सोसायटीत सगळे करतात.

---

टोमणे_आजोबा – बुधवार, रात्री ८:५०

आला. मी म्हणतच होतो, बुधवार संपत आला तरी दीक्षित-दिवेकर कसं नाही निघालं.

---

सईची_आई – गुरुवार, सकाळी १०:१५

थोडं अवांतर. माझी सई २.१ किलोची झाली. तेव्हापासून सगळा गाव तिला "भरवा भरवा" म्हणून मागे लागला आणि मी पण, तूप, शेवया, ड्रायफ्रूटचे लाडू. ती आता नऊ वर्षांची, गुबगुबीत. आता वाचतेय की लहान जन्मलेलं मूल नंतर भराभर जाड झालं तर धोका वाढतो. म्हणजे तेव्हाही आईचंच चुकलं, आताही आईचंच. बापाच्या पोटात काहीच कसं होत नाही हो?

---

त्र्याहत्तरचा – गुरुवार, सकाळी ११:४०

ताई, गावाने भरवायला सांगितलं, तुम्ही भरवलं. ह्यात चूक कसली. सईला सायकल घेऊन द्या.

---

सडपातळ – पुढचा रविवार, दुपारी ३:१०

सगळ्यांचे आभार, एवढं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

अँटिबॉडी निगेटिव्ह. सी-पेप्टाइड कमीकडे झुकलेलं. हिमोग्लोबिन ठीक, म्हणजे ती पळवाट पण बंद. बी१२ इतकं खाली की डॉक्टर म्हणाले मुंग्या येत नाहीत का? येतात, मला वाटलं मांडी घालून बसल्यामुळे. इंजेक्शनं सुरू. वजन उतरवायचं नाही, उलट जिम लावली आहे. तिथला ट्रेनर २४ वर्षांचा आहे, म्हणाला काका, तुम्हाला फॅट लॉस कशाला पाहिजे, तुम्ही तर आधीच लॉस आहात.

आईचं. रात्रपाळीसाहेबांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. पालेभाजी-दुधाच्या ओळीवर तिने थांबवलं. म्हणाली, "हे त्या डॉक्टरांना कोणी सांगितलं?" मी म्हटलं, गावोगावच्या बायकांनीच सांगितलं, लिहून घेतलंय. मग बराच वेळ तिने पाणवठा किती लांब होता, सासरी दूध कुणाला, साय कुणाला, हे सांगितलं, पण ह्या वेळी रडली नाही, तक्रार केली. खणखणीत. बाबा हळूच उठून बाल्कनीत गेले.

त्र्याहत्तरचा यांची गोष्टही ऐकवली. ती म्हणाली, "मिलो आम्ही पण खाल्लाय." दुष्काळात ती बारा वर्षांची होती, वाढीचं वय. हे मला आजवर माहीतच नव्हतं. मग विचारलं, तुझी शुगर कधी तपासलीस? कधीच नाही. ६६ वय, कधीच नाही. काल केली, जेवणानंतरची २१२. उद्या उपाशीपोटीची.

आता तिला एकच लागून राहिलंय, तिच्या आईने तिच्या वेळी काय खाल्लं असेल. सांगणारं कुणी उरलेलं नाही. थोरल्या मावशीला फोन लावून झाला, तिला ऐकू येत नाही, दोघी फोनवर अर्धा तास ओरडत होत्या.

---

आशाताई_७ – रविवार, दुपारी ३:३५

आईंना सांगा उपाशीपोटीच्या तपासणीआधी रात्री जेवायचं टाळू नका, आठ-दहा तासांचा उपास पुरे. आमच्याकडे बायका चतुर्थीचा उपास धरून येतात आणि लॅबमध्येच चक्कर येते.

---

कोकणी_मेवा – रविवार, संध्याकाळी ५:१२

मी पण करून घेतली. तुमच्यामुळे. १०८ आली, प्रीडायबेटिस म्हणे. आजोबांचं नाव घालवलं.

---

टोमणे_आजोबा – रविवार, संध्याकाळी ५:२०

बागेत जा. धागा आम्ही बघतो.